एका ईमेलच्या पोटात दोन ईमेल

तिकीट, विजेचं बिल, सेलची जाहिरात असं एखादं नटूनथटून आलेलं ईमेल संगणकावरच्या जीमेलमध्ये उघडा आणि तीन टिंबांच्या मेनूतून ‘शो ओरिजिनल’ दाबा. रंग, लोगो, बटणं सगळं गायब होतं आणि अक्षरांचं लांबलचक भेंडोळं समोर येतं. वरच्या ओळींत पत्र कोणकोणत्या सर्व्हरवरून फिरत आलं याची नोंद असते. तिथेच बहुतेकदा ‘कंटेंट-टाइप: मल्टिपार्ट/अल्टरनेटिव्ह’ अशी एक ओळ सापडते आणि तिच्या शेपटाला ‘बाउंडरी’ म्हणून कसलाही अर्थ नसलेली एक अक्षरमाळ. खाली तीच माळ सुरुवातीला दोन डॅश लावून पुन्हा येते, आणि तिच्यानंतर पत्राचा मजकूर साध्या अक्षरांत. परत बाउंडरी, मग तोच मजकूर एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानं सजवण्याच्या भाषेत. शेवटच्या बाउंडरीला पुढे आणि मागे दोन्हीकडे डॅश असतात. पत्र संपलं याची ती खूण.

थोडक्यात, एकच निरोप दोनदा आलेला असतो आणि तुमचं ॲप त्यातला एकच दाखवतं.

हा खटाटोप का? वेबसाइटचं काम सोपं असतं. ब्राउझर पान मागतानाच आपल्याला काय चालतं ते सर्व्हरला सांगतो. ईमेलमध्ये अशी विचारपूस नाही. पत्र फोनवर वाचलं जाईल, ऑफिसातल्या आउटलुकमध्ये की ‘मट’सारख्या निव्वळ अक्षरं दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, हे पाठवणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. पाहुण्याला तिखट चालतं का हे विचारायची सोयच नसेल, तर डब्यात दोन्ही भाज्या भराव्या लागतात.

मुळात ईमेल फक्त इंग्रजी अक्षरांसाठी घडलं होतं. १९८२ साली ठरलेल्या एसएमटीपी या ईमेल पाठवण्याच्या नियमावलीत प्रत्येक अक्षराला सात बिट (०-१ च्या सात जागा), आणि ओळीची कमाल लांबी १००० अक्षरं (त्यातली दोन ओळ संपल्याची). फोटो, आवाज, देवनागरी यांना जागाच नव्हती. बेलकोर कंपनीतले नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि इनोसॉफ्टमधले नेड फ्रीड यांनी यावर ‘माइम’ हा तोडगा काढला. ११ मार्च १९९२ रोजी बोरेनस्टाइन यांनी या पद्धतीने पहिलं पत्र पाठवलं, त्यात त्यांच्या गायक चौकडीचा फोटो आणि गाण्याचं ध्वनिमुद्रण होतं. त्याच वर्षी जूनमध्ये माइमचा मसुदा प्रसिद्ध झाला, आणि दोन प्रतींची सोय त्यातच आहे.

त्यातला क्रमाचा नियम मला फार आवडतो. सगळ्यात साधी प्रत आधी, सगळ्यात सजलेली शेवटी. वाचणाऱ्या प्रोग्रामने आपल्याला समजणारी शेवटची प्रत दाखवायची. पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं. पण १९९२ मध्ये माइमचा गंधही नसलेले प्रोग्राम सर्रास वापरात होते, आणि त्यांच्या पडद्यावर सगळं भेंडोळं जसंच्या तसं पडायचं. साधा मजकूर वर असला की माणूस तेवढा वाचून खालच्या कचऱ्याकडे दुर्लक्ष करू शकत असे. जुन्या प्रोग्रामला हात न लावता नवी गोष्ट त्याच्या गळी उतरवायची, ही त्यातली खरी हुशारी.

कोड लिहिताना हा क्रम सांभाळावा लागतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत ‘ईमेलमेसेज’ बनवून आधी ‘सेट_कंटेंट’ला साधा मजकूर द्यायचा, मग ‘ॲड_अल्टरनेटिव्ह’ला एचटीएमएल. बाउंडरी वगैरे पायथनची लायब्ररी (तयार कोडचा संच) बघून घेते. उलट दिलं, तर नियम पाळणारं ॲप निमूटपणे साधी प्रत दाखवतं आणि डिझायनर डोक्याला हात लावून बसतो.

अर्थात नियम सगळेच पाळतात असं नाही. २०१९ मध्ये गूगलने जीमेलमध्ये ‘एएमपी’ नावाचा तिसरा, हलताबोलता प्रकार आणला. नियमाने तो सगळ्यात शेवटी हवा. पण काही ॲप न समजलं तरी शेवटचीच प्रत दाखवायचा हट्ट धरतात. म्हणून तो मधे, एचटीएमएलच्या आधी ठेवा असं खुद्द गूगल सांगतं.

मराठीत पत्र पाठवणाऱ्याला आणखी एक गोष्ट भेंडोळ्यात दिसते. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं (एक बाइट म्हणजे आठ बिट). ‘नमस्कार’ लिहिताना काना आणि हलन्त धरून सात चिन्हं लागतात, म्हणजे २१ बाइट. सात बिटांच्या जुन्या वाटेवरून ते न्यायचे, तर बेस६४ पद्धतीत २८ रोमन अक्षरं-अंक होतात. त्यात ‘न’ म्हणजे ‘४-के-एस-ओ’ ही चौकडी. दुसरी ‘कोटेड-प्रिंटेबल’ पद्धत वापरली, तर अशा प्रत्येक बाइटची तीन अक्षरं, म्हणजे त्याच शब्दाची ६३! इंग्रजीसाठी ही दुसरी पद्धत झकास आहे, मजकूर जवळपास तसाच वाचता येतो. मराठीला ती महाग पडते. आज बरेच सर्व्हर आठ बिट सरळ स्वीकारतात, तरी बेस६४ हटलेलं नाही.

आता दुखण्याची जागा. साधी प्रत पाठवणाऱ्यालाही दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीकडे कोण बघतं? ‘तुमचं ॲप एचटीएमएल दाखवू शकत नाही’ एवढंच लिहून मोकळे होणारे आहेत. त्याहून वाईट म्हणजे एचटीएमएलमध्ये तारीख बदलली आणि साध्या प्रतीत जुनीच राहिली, असंही होतं. एकाच पत्रात दोन तारखा, आणि कोणाला कोणती दिसेल ते त्याच्या ॲपवर. स्पॅमवाले तर मुद्दामच दोन प्रती वेगळ्या ठेवतात, साधीत सोज्वळ मजकूर आणि सजलेलीत सापळा. म्हणून स्पॅमअसॅसिनसारखी चाळणी नुसतं एचटीएमएल असलेल्या किंवा दोन प्रती न जुळणाऱ्या पत्राला वाढीव गुण लावू शकते, आणि या परीक्षेत गुण जितके जास्त तितकं पत्र स्पॅमच्या जवळ.

त्यामुळे दोन प्रती वेगवेगळ्या हातांनी लिहूच नयेत असं माझं मत. रक्कम, तारीख, दुवा एकाच ठिकाणाहून दोन्हीत भरावेत. आणि तपासायचं असेल तर थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रामच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘मेसेज बॉडी ॲज’ खाली ‘प्लेन टेक्स्ट’ निवडून स्वतःलाच पाठवलेलं पत्र एकदा उघडावं.