मोठी दुर्बीण घेण्याआधी अंधार शोधा

दुर्बीण नेल्यावर आठवड्याभरात काही ग्राहकांचा फोन येतोच. "शनीची कडी मस्त दिसली हो, पण देवयानी दीर्घिका म्हणजे नुसता पांढुरका डाग. तोही असून नसल्यासारखा. भिंगात काही गडबड आहे का?" आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुम्ही उभे कुठे होता? उत्तर बहुतेक वेळा 'गच्चीवर' असंच येतं, आणि गच्चीसमोर रस्त्याचा दिवा असतो. दुर्बीण ठणठणीत असते, जागा चुकलेली असते.

म्हणून हे माहितीपत्रक आता प्रत्येक दुर्बिणीच्या खोक्यात घालतो. ते खास छोट्या गावात राहणाऱ्यांसाठी लिहिलं आहे. महानगरातल्या माणसाला बऱ्यापैकी अंधार गाठायला शंभर-दीडशे किलोमीटर तुडवावे लागतात, तुमचं काम बहुधा पंधरा-वीसमध्ये होईल.

दुकानदाराने सांगू नये अशी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. सहा इंची (म्हणजे सहा इंच व्यासाच्या आरशाची) दुर्बीण देऊन आठ इंची घ्यायचा विचार असेल, तर आधी ती सहा इंचीच गाडीत टाका आणि अंधारात नेऊन बघा. दीर्घिका (ताऱ्यांचे दूरचे अफाट समूह) आणि तेजोमेघ (अवकाशातले वायू-धुळीचे ढग) यांचा उजेड फिका आणि पसरलेला असतो. मागचं आकाश उजळ असेल तर मोठा आरसा दीर्घिकेबरोबर त्या आकाशाचा उजेडही तितक्याच इमानाने गोळा करतो. चंद्र, ग्रह आणि जोडतारे यांना मात्र अंधाराचं फारसं पडलेलं नसतं. गुरूचे पट्टे बघायचे असतील तर कुठेही जाऊ नका, फक्त तापलेल्या गच्चीऐवजी अंगणातल्या गवतावर उभे राहा. दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्री उष्णता सोडत राहतं आणि दुर्बिणीत गुरू पाण्याखाली धरल्यासारखा थरथरतो.

किती लांब, आणि कुठल्या बाजूला

गावाच्या दिव्यांचा उजेड हवेतल्या धुळीवर आणि बाष्पावर विखुरतो आणि गावावर एक फिकट घुमट उभा राहतो. मर्ल वॉकर या खगोलशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात मोजमापं घेऊन एक ढोबळ नियम मांडला. गावाच्या दिशेला, क्षितिज आणि माथा यांच्या मधोमध पाहिलं, तर अंतर दुप्पट केल्यावर ही झळाळी साधारण साडेपाच पटींनी उतरते. म्हणजे पाच किलोमीटरवरून दहावर जाण्यात मोठा फायदा आहे. वीसवरून पंचवीसवर जाण्यात तेवढा नाही, आणि तोवर पुढच्या गावाचा घुमट वर यायला लागतो.

अंतराइतकीच दिशा महत्त्वाची, आणि नेमकं तिच्याकडेच दुर्लक्ष होतं. अगदी छोट्या गावाचा घुमटही एक बाजू खातोच. ती कुठली खाऊ द्यायची हे आपल्याला ठरवता येतं. उत्तर गोलार्धात वृश्चिक आणि धनू या राशी दक्षिणेला दिसतात. आकाशगंगेचा सगळ्यात दाट, गाभ्याकडचा भाग तिथेच आहे आणि तो फार वरही चढत नाही. तो पाहायचा तर गावाच्या दक्षिणेला जा, म्हणजे गाव पाठीमागे उत्तरेला राहील. तीच जागा गावाच्या उत्तरेला तितक्याच अंतरावर घेतलीत, तर वृश्चिकाची नांगी गावाच्या झळाळीत बुडालेली दिसेल. उत्तरेचं आकाश थोडं उजळलं तरी बिघडत नाही. ध्रुव तसाही दुसऱ्या प्रतीचा तारा (प्रत म्हणजे तेजाची पायरी, आकडा लहान तितका तारा ठळक), तो झळाळीतूनही सापडतो.

नकाशा काय सांगतो, काय सांगत नाही

रात्रीच्या पृथ्वीचे उपग्रहावरून काढलेले फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. ते पाहून बरेच जण गावाबाहेरच्या पहिल्या काळ्या ठिपक्यावर बोट ठेवतात आणि फसतात. उपग्रहाला दिसतात जमिनीवरचे दिवे. एखाद्या शेतात दिवा नाही म्हणून ते शेत फोटोत काळं येतं, पण तिथे उभं राहून वर पाहिलं तर तीन किलोमीटरवरच्या गावाची झळाळी डोक्यावर असतेच. आणखी एक खोट अशी की या कामासाठी जास्त वापरला जाणारा उपग्रहावरचा कॅमेरा निळा उजेड टिपतच नाही. नव्या पांढऱ्या एलईडी दिव्यांमध्ये निळा भाग चांगलाच असतो. त्यामुळे जुने पिवळे दिवे काढून एलईडी लावलेलं गाव अशा नकाशात काही वेळा आधीपेक्षा अंधारलेलं दिसतं. तिथे राहणाऱ्यांना विचारा, ते हसतील.

त्यापेक्षा आकाशाच्या उजळपणाचा नकाशा पाहा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशासंग्रहात जमिनीवरच्या दिव्यांवरून डोक्यावरचं आकाश किती उजळत असेल याचं गणित मांडलेलं आहे. जगातल्या साधारण एकतृतीयांश लोकांना घराजवळून आकाशगंगा दिसत नाही, हा निष्कर्षही त्यातलाच. अशा नकाशावर आपलं गाव रंगीत डागासारखं दिसतं आणि कुठल्या बाजूला रंग लवकर उतरतो ते कळतं. शेजारच्या मोठ्या शहराच्या उलट बाजूला तो सहसा लवकर उतरतो. दोन-तीन जागा हेरा आणि नकाशा मिटा. पुढचं काम पायांचं आणि डोळ्यांचं.

आधी दिवसा, मग रात्री रिकाम्या हाताने

दिवसा जाऊन तीन गोष्टी बघा: जमीन सपाट आहे का, दक्षिणेचं क्षितिज मोकळं आहे का, आणि रस्ता कुठे वळतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाला कधीही बसू नका. वळण घेणाऱ्या प्रत्येक गाडीचे दिवे त्या बाजूच्या शेतावरून झाडू मारल्यासारखे फिरतात. रस्त्यापासून पन्नास पावलं आत, मध्ये एखादा बांध किंवा झुडपांची रांग असेल तर उत्तम. दरीच्या तळाशी थंड हवा साचते आणि दव लवकर पडतं. टेकडीच्या माथ्यावर वारा दुर्बीण हलवतो. मधला उतार आम्हाला सगळ्यात आवडतो. तळ्याकाठची जागा फोटोत देखणी दिसते, पण तासाभरात भिंगावर बोटाने नाव लिहिता येईल इतकं दव धरतं.

एवढं पाहूनही आम्ही स्वतः एकदा फसलो आहोत. दिवसा एक माळ पाहिला होता, चहूकडे मोकळा, झाड नाही, घर नाही. रात्री सगळं सामान उतरवलं, दुर्बीण जोडली, आणि अंधार झाल्यावर दूरच्या एका गोदामाच्या भिंतीवर पांढरा दिवा लागला. टोपी नसलेला, सरळ आमच्याकडे तोंड केलेला. दिवसा ते गोदाम आमच्या लक्षातही आलं नव्हतं. आमच्यातला एक जण रात्रभर दुर्बिणीच्या बाजूला चादर धरून उभा होता. तेव्हापासून नियम केला आहे: पहिल्या रात्री फक्त एक बायनॉक्युलर न्यायचा. तासभर बसायचं. जागा पटली तरच पुढच्या खेपेला सामान.

जागा चांगली आहे हे कसं ओळखायचं

आधी डोळ्यांना वेळ द्या. अंधाराला सरावायला त्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि फोनचा पडदा एकदा नीट पाहिला की मेहनत बरीचशी वाया जाते. टॉर्चवर लाल कागद बांधा, कारण अंधारात काम करणाऱ्या पेशी गडद लाल उजेडाला फारशा भुलत नाहीत. गाडीच्या आतला दिवा आधीच बंद करून ठेवा. दार उघडताच तो लागतो आणि चार जण एकदम कळवळतात.

मग ध्रुवमत्स्य, म्हणजे ध्रुव ज्याच्या टोकाला आहे तो ताऱ्यांचा समूह, शोधा. त्याच्या सात ताऱ्यांपैकी ध्रुव आणि दुसऱ्या टोकाचा एक तारा दुसऱ्या प्रतीचे आहेत, एक तिसऱ्या प्रतीचा, तीन चौथ्या आणि उरलेला एक साधारण पाचव्या. गावात दोन किंवा तीन दिसतात. सातही डोळ्यांनी मोजता आले तर जागा हातची सोडू नका. ध्रुव क्षितिजाला टेकला असेल किंवा दिसतच नसेल अशा ठिकाणी कृत्तिका मोजा. सहा तारे बहुतेकांना दिसतात, तीक्ष्ण नजरेला गडद आकाशात त्याहून जास्त.

आमची आवडती परीक्षा मात्र ढगांची आहे. ढग दिसला की आपण चरफडतो, पण जागा पारखायला त्याच्यासारखा साक्षीदार नाही. गावाजवळ ढग राखाडी-पिवळट चमकतात, कारण खालचा उजेड त्यांच्या पोटावर पडतो. खऱ्या अंधारात ढग काळा असतो, ताऱ्यांमध्ये पडलेल्या भोकासारखा. तो कळतो तो फक्त त्याच्यामागे तारे गायब झाले म्हणून.

आकाशाचे प्रकार मोजायला जॉन बॉर्टल या निरीक्षकाने २००१ साली नऊ पायऱ्यांची श्रेणी दिली. १ म्हणजे अस्सल अंधार, ९ म्हणजे महानगराचा मध्य. छोट्या गावातून पंधरा-वीस किलोमीटर बाहेर पडल्यावर चौथी पायरी मिळाली तर आनंद माना. तिसरी मिळाली तर आम्हालाही बोलवा.

चंद्र आणि घड्याळ

उत्तम जागाही पौर्णिमेला निरुपयोगी. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. वद्य अष्टमीला तो मध्यरात्रीच्या सुमारास येतो, आणि दशमीनंतर रात्रीचा मोठा भाग मोकळा मिळतो. शुद्ध चतुर्थीपर्यंत तो लवकर मावळतो, तेही चालतं. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेल्याशिवाय पूर्ण अंधार होत नाही. विषुववृत्ताच्या आसपास याला सव्वा तास पुरतो, पण उत्तरेकडच्या देशांत ऐन उन्हाळ्यात असा अंधार होतच नाही. हवेचं म्हणाल तर जोरदार पाऊस पडून आकाश उघडलं, की त्याच रात्री निघा. धूळ धुऊन गेलेली असते.

बाकी साध्या गोष्टी. जागा कुणाच्या मालकीची असेल तर विचारून जा, एकटे जाऊ नका, कुठे जाताय ते घरी सांगा, आणि गाडी आधीच परतीच्या तोंडाने लावा, म्हणजे निघताना वळवावी लागत नाही आणि उरलेल्यांच्या डोळ्यांवर दिवे पडत नाहीत.

आमच्याकडे आकाशाचा उजळपणा मोजायचं एक छोटं यंत्र आहे. आकाशाकडे धरून बटण दाबलं की आकडा येतो. २२च्या जवळ आला तर जवळपास नैसर्गिक अंधार, १८ आला तर परत गाडीत बसा. ग्राहकांना ते दोन रात्रींसाठी असंच नेता येतं. परत देताना जागा आणि आकडा आमच्या वहीत लिहून ठेवा, पुढच्या माणसाची एक खेप वाचेल.