दरफाईल अडली तर: एरर कुठून येतो आणि कसा वाचावा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दुकानाची दरफाईल आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये चढवताना आपण कधीतरी हा संदेश पाहिला असेल:

ओळ १२, स्तंभ १. अनएक्स्पेक्टेड ‘त’. एक्स्पेक्टिंग एंड ऑफ इनपुट.

म्हणजे बाराव्या ओळीच्या सुरुवातीला ‘त’ कुठून आला, इथे तर फाईल संपायला हवी होती! त्या ओळीत होतं ते एवढंच:

तूरडाळ : ५० किलो कट्टा : ५२५०/-

‘त’चा काही दोष नव्हता. अडलं होतं ओळीच्या शेवटी, ‘/-’ पाशी. आमच्या नियमांप्रमाणे तिथे ‘रुपये’ किंवा ‘रु.’ लागायचं. आणि फाईल काही तिथे संपत नव्हती, पुढे तीनेकशे जिन्नस बाकी होते. एका ग्राहकांनी हा संदेश अक्षरशः पाळला. बाराव्या ओळीपासून खालचं सगळं खोडलं आणि फाईल खरोखरच अकराव्या ओळीवर संपवली. ती विनातक्रार चढली. आम्हाला फोन आला दुसऱ्या दिवशी, गिऱ्हाईक काउंटरवर उभं असताना.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. संदेश आम्ही लिहिलेल्या प्रोग्रॅमने दिला होता. नव्या आवृत्तीत तो भाग आम्ही मुळापासून बदलला आहे. काय बदललं आणि का, ते इथे सांगतो. आपल्याकडे संगणकाचं काम बघणारं कोणी असेल तर हा कागद त्यांनाही दाखवा, मधला भाग त्यांच्यासाठी थोडा सविस्तर लिहिला आहे.

फाईल वाचते कोण

मजकूर क्रमाने तपासत त्यातून नाव, माप, दर असे तुकडे वेगळे काढणाऱ्या भागाला पार्सर म्हणतात. आमचा पार्सर हास्केल या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या मेगापार्सेक या लायब्ररीवर, म्हणजे तयार कोडच्या संचावर, उभा आहे. ही पार्सर कॉम्बिनेटर पद्धतीची लायब्ररी. आकडा वाचणारा एक छोटा पार्सर, एकक वाचणारा दुसरा, नाव वाचणारा तिसरा. ते जोडून ओळ वाचणारा पार्सर तयार होतो आणि तोच पुन्हा पुन्हा चालवला की अख्खी फाईल वाचून होते. या जोडणाऱ्या फंक्शनांना कॉम्बिनेटर म्हणतात.

ही पद्धत जुनी आहे. १९८५ मध्ये संगणकशास्त्रज्ञ फिलिप वॉडलर यांनी मांडलेल्या रूपात पार्सर जमलेल्या सगळ्या अर्थांची यादी परत देई, आणि काहीच जमलं नाही तर रिकामी यादी. कल्पना सुटसुटीत, पण रिकामी यादी दुकानदाराला काय सांगणार? कुठे अडलं, तिथे काय हवं होतं, याचा पत्ताच नाही. २००१ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठातून दान लायेन आणि एरिक मायर यांचं पार्सेक आलं. त्यात पार्सर दोन गोष्टी लक्षात ठेवतो: आपण एखादं तरी अक्षर खाल्लं, म्हणजे वाचून पुढे सरकलो का, आणि अडलो तिथे काय काय चाललं असतं. मेगापार्सेक ही त्याच पार्सेकची २०१५ मध्ये फुटलेली शाखा.

अक्षर खाण्याला इथे फार महत्त्व आहे. समोर दोन पर्याय असतील आणि पहिला पर्याय एकही अक्षर न खाता अडला, तरच पार्सर दुसऱ्याकडे वळतो. पहिल्याने काही खाल्लं असेल तर ‘वाट हीच होती, मजकूर चुकला आहे’ असं धरून तो तिथेच थांबतो आणि एरर देतो. हा नियम ‘ट्राय’ नावाच्या कॉम्बिनेटरने मोडता येतो. ट्रायमध्ये गुंडाळलेला पार्सर अडला की खाल्लेलं सगळं परत ठेवतो, जणू काही सुरुवातच केली नव्हती.

आमचं चुकलं ते इथे

दरफाईलमध्ये ओळी दोन प्रकारच्या असतात, मालाच्या आणि शेऱ्याच्या. त्या वेगळ्या ओळखायला नकोत म्हणून आम्ही पहिल्या आवृत्तीत सरळ अख्खी ओळच ट्रायमध्ये गुंडाळली होती. लिहायला सोपं पडतं, आणि फाईल बिनचूक असेल तर फरकही कळत नाही.

‘/-’ आलं की मात्र असं व्हायचं. ओळीचा पार्सर शेवटी अडायचा, खाल्लेली सगळी ओळ परत ठेवायचा आणि तूरडाळीच्या ‘त’पाशी येऊन उभा राहायचा. ‘ओळी मिळतील तितक्या वाच’ म्हणणारा वरचा कॉम्बिनेटर समजायचा की आता ओळी संपल्या. त्याच्या लेखी हे यशच. ‘/-’ ची नोंदही तिथेच गळायची, कारण मेगापार्सेक अशा वेळी फक्त सध्याच्या जागेवरच्या अपेक्षा पुढे नेतं. मग पाळी यायची फाईलचा शेवट तपासणाऱ्याची. त्याला शेवटाऐवजी ‘त’ दिसायचा, आणि वरचा तो संदेश पडद्यावर यायचा.

उपाय तसा छोटा होता, शोधायला वेळ गेला. ट्राय आता फक्त नाव आणि त्यानंतरच्या अपूर्णविरामापुरता (:) आहे. तिथवर ओळ मालाची की शेऱ्याची ते ठरतं. एकदा अपूर्णविराम ओलांडला की माघार नाही. आज तीच ओळ असा संदेश देते:

ओळ १२, तूरडाळ. ‘५२५०’ नंतर ‘/-’ आलं आहे. इथे ‘रुपये’ किंवा ‘रु.’ हवं.

इतक्या जणांच्या फाईलमध्ये ‘/-’ सापडलं की पुढच्या आवृत्तीपासून ते आम्ही चालवूनच घेणार आहोत. रक्कम लिहायची आपली रीत ती. नियमातच ती घ्यायची राहून गेली होती.

इतर संदेशांतले ‘आकडा’, ‘एकक’, ‘दर’ हे शब्दही आम्ही घातले आहेत. लायब्ररीवर सोडलं तर ती एकेक अक्षर मोजून अपेक्षा सांगते: अंक, किंवा दशांशचिन्ह, किंवा मोकळी जागा. बरोबर असतं, पण उपयोगाचं नसतं. म्हणून प्रत्येक छोट्या पार्सरला नाव देण्याची सोय लायब्ररीत आहे, आणि संदेशात मग ते नाव येतं. मात्र पार्सर काही न खाता अडला असेल तरच. अर्धा आकडा वाचून अडला तर पुन्हा सुटी अक्षरंच दिसतात. असे काही संदेश अजून राहिले आहेत, दिसले तर कळवा.

मराठी मजकुराची स्वतंत्र कटकट

लायब्ररीतला अंक ओळखणारा तयार पार्सर फक्त इंग्रजी 0 ते 9 ओळखतो. ‘५’ समोर आला की तो अडतो. अक्षर ओळखणाऱ्याची गंमत आणखी वेगळी. युनिकोड म्हणजे लिपींतल्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात ‘क’ हे अक्षर आहे, पण वेलांटी, काना, मात्रा या चिन्हांच्या वर्गात येतात. त्यामुळे ‘किलो’ वाचायला सांगितलं की तो ‘क’ घेतो आणि वेलांटीवर थांबतो. सुरुवातीला आमच्या चाचणीत आलेला एरर नुसत्या वेलांटीचा होता, आणि ती पडद्यावर ठिपक्यांच्या गोलावर लटकलेली दिसत होती. आता आमचे स्वतःचे पार्सर दोन्ही लिपींतले अंक घेतात, फक्त एकाच आकड्यात दोन्हींची मिसळ चालत नाही. ‘५2५०’ दिसलं तर ते जाणूनबुजून लिहिलेलं असण्याची शक्यता कमी.

स्तंभाचा क्रमांकही याच कारणाने काढून टाकला. ‘किलो’ डोळ्यांना दोन अक्षरी दिसतं, युनिकोडच्या हिशेबात त्यात ४ कोडपॉइंट (सुटी चिन्हं) असतात आणि यूटीएफ-८ या पद्धतीने साठवलेल्या फाईलमध्ये ते १२ बाइट जागा घेतं. ‘स्तंभ २३’ सांगितलं तर आपण कर्सर कुठे न्यायचा? म्हणून आता ओळ, मालाचं नाव आणि अडलेला शब्द दाखवतो.

एक चूक मात्र अशी आहे की पार्सर थांबतो एकीकडे आणि चूक असते दुसरीकडे. ती म्हणजे अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग:

तूरडाळः ५० किलो कट्टा : ५२५० रुपये

विसर्ग हे देवनागरीतलं रीतसर चिन्ह असल्यामुळे नाव वाचणारा पार्सर तो नावाचाच भाग समजतो. नावात मोकळ्या जागा चालतात, म्हणून ‘तूरडाळः ५० किलो कट्टा’ हे सगळं मालाचं नाव होऊन बसतं. पुढे ५२५० हे माप ठरतं आणि एकक हवं तिथे ‘रुपये’ येतं. एरर तिथे. बिचारा माणूस ‘रुपये’ची वेलांटी-उकार तपासत बसतो! आता एकक अडलं की पार्सर आधीच्या नावात शब्दाच्या शेवटी विसर्ग आहे का तेही पाहतो आणि असेल तर संदेश त्या जागेचा देतो. ‘निःशुल्क’सारखा शब्दाच्या मधला विसर्ग तो सोडून देतो.

सगळ्या चुका एका फेरीत

आधी एक चूक दुरुस्त करून फाईल चढवली की दुसरी निघायची, ती केली की तिसरी. आता एखादी ओळ अडली तर पार्सर तो एरर बाजूला नोंदवतो, ओळीच्या शेवटापर्यंत सरकतो आणि पुढची ओळ वाचायला घेतो. शेवटी सगळ्या चुका एकत्र दिसतात.

यावर बऱ्याच जणांनी सुचवलं, की मग बरोबर ओळींचे दर तेवढे चढवून टाका. ते आम्ही करणार नाही. अर्धे दर आजचे आणि अर्धे गेल्या आठवड्याचे अशी यादी काउंटरवर असण्यापेक्षा पूर्ण जुनी यादी असलेली बरी. एकही चूक असेल तर फाईल चढत नाही आणि दुकानातले दर आहेत तसेच राहतात. यावर आमच्यातही दोन मतं होती, पण हेच ठरलं.

आणि जे पार्सरला कळत नाही ते नाहीच कळत. ५२५० ऐवजी ५२५०० लिहिलं तर त्याच्या दृष्टीने तोही एक नीटस आकडा आहे. दर एकदा नजरेखालून घालायचं काम आपल्याकडेच राहतं.

तरीही अडलं तर

आम्हाला मूळ फाईल पाठवा, पडद्याचा फोटो नको. व्हॉट्सअॅपवरून किंवा एखाद्या वेबपानावरून उचललेल्या मजकुरात न तुटणारी मोकळी जागा येऊ शकते, ती साध्या जागेसारखीच दिसते. ‘खोबऱ्याचा कीस’ मधला ‘ऱ्या’ कीबोर्डप्रमाणे दोन वेगळ्या पद्धतींनी साठवला जातो. एकीत मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह असतं, आणि बघणाऱ्याला दोन्ही अगदी सारखे. फाईल हातात असली तर हे आम्हाला मिनिटभरात सापडतं. फोटोत विसर्ग कुठला आणि अपूर्णविराम कुठला, हे आम्हालाही ओळखता येत नाही.