पेशीबाह्य पुटिकांचे विलगीकरण

शरीरातील बहुतेक सर्व पेशी मेदपटलाने वेढलेल्या सूक्ष्म पिशव्या बाहेर सोडतात. या पेशीबाह्य पुटिका होत. त्यांपैकी पेशीच्या आत घडून बाहेर पडणाऱ्या, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या पुटिकांना एक्झोसोम म्हणतात. १९६७ मध्ये पीटर वुल्फ यांनी रक्तद्रवातील अशा कणांना ‘प्लेटलेटची (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या सूक्ष्म रक्तकणांची) धूळ’ म्हटले होते आणि पुढेही बराच काळ त्यांना पेशीचा केरकचराच समजले गेले. २००७ मध्ये एक्झोसोममधला आरएनए (जनुकांचा संदेश वाहणारा रेणू) दुसऱ्या पेशीत जाऊन कामाला लागतो, हे दिसून आले. कर्कपेशींच्या पुटिकांतही मूळ पेशीची प्रथिने व आरएनए असतात. त्यामुळे रक्त, लघवी किंवा लाळेतून कर्करोगाचा सुगावा लवकर लागेल, अशी आशा आहे.

खरी कसोटी त्या वेगळ्या काढण्यात आहे. रक्तात लायपोप्रोटीनचे (चरबी वाहून नेणारे) कण पुटिकांच्या कितीतरी पट असतात; त्यांतल्या काहींचा आकार पुटिकांशी जुळतो, तर काहींची घनता. जुनी, रुळलेली रीत अल्ट्रासेंट्रिफ्यूजची, म्हणजे नमुना अतिवेगाने गरगर फिरवणाऱ्या यंत्राची. गुरुत्वाच्या ३०० पट बलाने पेशी खाली बसतात, २,००० पटीने पेशींचे अवशेष आणि १०,००० पटीने मोठ्या पुटिका. उरलेला द्रव १,००,००० पटीने तासभर किंवा त्याहून जास्त फिरवला, की तळाशी साका बसतो. तो पुष्कळदा डोळ्यांना दिसतही नाही, म्हणून तो जिथे बसणार त्या बाजूला नळीवर आधीच पेनाने खूण करून ठेवतात. या साक्यात नको असलेली प्रथिनेही येतात. सच्छिद्र मण्यांच्या स्तंभातून नमुना सोडल्यास लहान प्रथिने छिद्रांत रेंगाळतात आणि पुटिका आधी बाहेर पडतात. पुटिकांएवढे लायपोप्रोटीन मात्र त्यांच्यासोबतच येतात. पुटिकांच्या पृष्ठभागावरील सीडी९, सीडी६३, सीडी८१ ही प्रथिने ओळखून पकडणाऱ्या प्रतिपिंडांचा लेप दिलेले मणी अधिक शुद्ध पुटिका देतात, पण ती प्रथिने नसलेल्या पुटिका निसटतात. लघवीत युरोमोड्युलिन या प्रथिनाच्या धाग्यांचे जाळे पुटिकांना अडकवून ठेवते.

सर्वांत कमी बोलली जाणारी, पण निर्णायक बाब म्हणजे नमुना घेण्याची पद्धत. रक्ताची गुठळी होताना प्लेटलेट स्वतःच भरमसाट पुटिका सोडतात. म्हणून सीरमऐवजी (गुठळी झाल्यावर उरणाऱ्या द्रवाऐवजी) गुठळी होऊ न देता वेगळा केलेला रक्तद्रव घेणे बरे, आणि साठवणीसाठी थंडीत गोठवण्यापूर्वी तो दोनदा फिरवून प्लेटलेट काढायला हवेत. इथे हयगय झाली, तर पुढचे महागडे यंत्र प्लेटलेटच्याच पुटिका मोजत बसते.

प्रत्यक्ष वापरात आलेले उदाहरण एक्सोडीएक्स या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगासाठीच्या चाचणीचे. पीएसए या प्रोस्टेटमध्ये बनणाऱ्या प्रथिनाची रक्तातील पातळी संशयास्पद असलेल्या पुरुषांच्या लघवीतील एक्झोसोममधून तीन जनुकांचा आरएनए मोजतात आणि बायॉप्सी (ऊतीचा तुकडा काढून तपासणी) करावी की नाही, हे ठरवायला डॉक्टरांना त्याची मदत होते.