प्लासिबो परिणाम, भौतिकोपचारातील

प्लासिबो म्हणजे औषधी गुण नसलेली गोळी किंवा आभासी उपचार. भौतिकोपचारातील (फिजिओथेरपीतील) प्लासिबो परिणाम म्हणजे उपचाराच्या विशिष्ट भौतिक क्रियेमुळे नव्हे, तर रुग्णाची अपेक्षा, पूर्वानुभव आणि उपचारकावरील विश्वास यांमुळे वेदनेत किंवा हालचालीत होणारी सुधारणा. दुखणे आपोआप ओसरणे यात मोडत नाही; मात्र ज्या चाचणीत काहीच उपचार न घेणारा गट नसतो, तीत या दोहोंची फारकत करता येत नाही.

या विषयाचा आरंभ सहसा अमेरिकन भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांच्या १९५५ मधील लेखापासून धरतात. भौतिक उपचारांपुरते पाहिल्यास तो अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मागे न्यावा लागतो. अमेरिकेतील एलिशा पर्किन्स यांनी धातूच्या टोकदार कांड्यांचे पेटंट १७९६ मध्ये घेतले होते आणि त्या दुखऱ्या भागावरून फिरवल्याने वेदना जातात, असा त्यांचा दावा होता. इंग्लंडमधील बाथ येथे जॉन हेगार्थ यांनी १७९९ मध्ये तशाच दिसणाऱ्या लाकडी कांड्या पाच रुग्णांवर फिरवल्या, तेव्हा चौघांना आराम वाटला. नंतर खऱ्या कांड्यांनीही फारसे वेगळे घडले नाही. मेस्मर यांच्या चुंबकीय उपचारांची १७८४ मध्ये चौकशी करणाऱ्या पॅरिसच्या आयोगाला अग्रमान देता येईल. परंतु खऱ्या उपकरणाशी आभासी उपकरणाची थेट तुलना हा निकष लावल्यास हेगार्थ यांचा प्रयोग अधिक जवळचा ठरतो.

परिणामाच्या प्रमाणाविषयी मतभेद आहेत. बीचर यांनी १५ अभ्यासांतील १,०८२ रुग्णांवरून सुमारे ३५ टक्के रुग्णांना प्लासिबोने समाधानकारक आराम मिळतो, असे मांडले. कीनले व कीने यांनी १९९७ मध्ये याच अभ्यासांची फेरतपासणी करून, नैसर्गिक सुधारणेसारखे इतर घटकच त्यात मोजले गेल्याचे दाखवले. ह्रोबियार्टसन व गोट्शे यांनी २००१ मध्ये उपचार न दिलेला गट असलेल्या ११४ चाचण्या तपासल्या. वस्तुनिष्ठ मोजमापांत त्यांना लक्षणीय परिणाम आढळला नाही, वेदनेसारख्या लक्षणांत मात्र लहानसा आढळला. बीचर यांच्या आकड्यापेक्षा हा सावध निष्कर्ष ग्राह्य वाटतो. तरीही भौतिकोपचारकाकडे येणारे बहुतेक रुग्ण वेदनेसाठीच येतात, म्हणून या शास्त्रात तो लहान परिणामही दुर्लक्षिण्याजोगा नाही. तो निव्वळ भास नसावा, असे १९७८ मधील एका प्रयोगावरून दिसते: दाढ काढलेल्या रुग्णांना प्लासिबोने मिळालेला आराम नॅलोक्सोन या, अफूजन्य वेदनाशामकांचा परिणाम रोखणाऱ्या औषधाने घटला, म्हणजे शरीरातील नैसर्गिक वेदनाशामके त्यात कार्यरत असावीत.

औषधाच्या चाचणीत खरी व खोटी गोळी सारखीच दिसते. येथे मात्र उपचारकाला आपण काय करतो आहोत हे ठाऊकच असते. अल्ट्रासाउंड यंत्र बंद ठेवून फिरवता येते, पण सांध्याची हाताने केलेली हालचाल किंवा व्यायाम यांची निरुपद्रवी व विश्वसनीय नक्कल रचणे अवघड असते. कॅनडात दीर्घकालीन कंबरदुखीच्या ११७ रुग्णांवर झालेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत विद्युत्प्रवाह खरा की आभासी, याबरोबरच उपचारकाचे बोलणे मोकळे की त्रोटक, हेही बदलले होते. आभासी प्रवाहासोबत आपुलकीचे बोलणे लाभलेल्या गटाचा आराम खरा प्रवाह पण त्रोटक बोलणे मिळालेल्या गटापेक्षा थोडा अधिकच निघाला.

रुग्णाला फसवून प्लासिबो देणे नीतीला धरून नाही. लिस्बन येथे झालेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गोळीत औषध नाही असे सांगूनही कंबरदुखी कमी झाल्याचे आढळले. पण तो गोळीचा अभ्यास होता, त्यामुळे शेक किंवा हस्तोपचारांना त्याचे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत.

पुण्यात वानवडीचे कृत्रिम अवयव केंद्र, खडकीचे पक्षाघातग्रस्त सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आणि शहरातील भौतिकोपचार महाविद्यालये यांमुळे या शाखेचा पाया जुना व विस्तृत आहे. दैनंदिन व्यवहारात ‘शेक’ आणि ‘करंट’ यांवर रुग्णांचा भरवसा व्यायामापेक्षा अधिक दिसतो. तो मोडून न काढता व्यायामाकडे वळवणे हा त्याचा प्रामाणिक उपयोग होय. उलट परिणाम, म्हणजे वाईट अपेक्षेमुळे त्रास वाढवणारा नोसिबो, येथे विशेष लक्ष देण्याजोगा आहे. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकली’, ‘वाटी झिजली’ अशा शब्दांनी रुग्ण वाकण्यास व चालण्यास धजत नाही. वास्तविक कंबर मुळीच न दुखणाऱ्यांच्या मणक्यांच्या सीटी व एमआरआय चित्रणांचा २०१५ मधील एकत्रित आढावा पाहता, मणक्यांमधील चकतीची झीज विशीतील सुमारे ३७ टक्के आणि ऐंशीतील सुमारे ९६ टक्के व्यक्तींत आढळते.