जिवाणू पोटात जातात, पण कशासोबत?

प्रोबायोटिकच्या, म्हणजे पोटाला उपयोगी जिवाणूंच्या, डबीवर जिवाणूंचा आकडा ठळक छापलेला असतो आणि आपण बहुतेक वेळा तोच पाहून डबी उचलतो. हे जिवाणू पोटात कशासोबत जातात, याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. माझ्या मते निम्मा खेळ तिथेच ठरतो.

रिकाम्या जठरात पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) साधारण १ ते २ असतो. जेवल्यावर अन्नातली प्रथिनं बरंचसं आम्ल शमवतात आणि पीएच काही काळ ४-५ पर्यंत चढतो. पीएच २ चा ४ झाला, तर आम्लाची तीव्रता शंभरपट घटते. नाजूक जिवाणूंना एवढी सवड पुष्कळ असते.

दूध इथे दुहेरी कामी येतं. आम्ल शमवतंच, शिवाय त्यातलं केसीन हे प्रथिन जठरात साकळतं आणि त्या गुठळ्यांत अडकलेल्या जिवाणूंपर्यंत आम्ल सावकाश पोचतं. चीज तर त्याहून घट्ट आणि स्निग्ध. काही प्रयोगांत चेडर चीजमधले जिवाणू दह्यातल्यांपेक्षा जास्त तगले, ते यामुळेच. फळांच्या रसात प्रथिनं नगण्य, आणि बरेचसे रस मुळातच आंबट.

साखरेचा भाग मला सगळ्यात विलक्षण वाटतो. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी या जिवाणूच्या पेशीत आम्लातले प्रोटॉन (हायड्रोजनचे धनभारित कण) घुसू लागले, की पेशीच्या पटलावरचा पंप ते बाहेर फेकतो. या पंपाला एटीपीची, म्हणजे पेशीतल्या इंधन-रेणूची, ऊर्जा लागते आणि ते इंधन पेशी ग्लुकोजसारख्या साखरेतून बनवते. पीएच २ च्या कृत्रिम जठररसात ग्लुकोज घातलं, तेव्हा हे जिवाणू कितीतरी अधिक संख्येने वाचले. म्हणजे सोबतचं अन्न नुसती ढाल नसतं, जिवाणूची शिदोरीही असतं.

पुढे लहान आतड्यात पित्त असतं. पित्तक्षार पेशीपटलातली मेदद्रव्यं विरघळवतात. काही जिवाणूंकडे हे क्षार फोडणारं विकर (एन्झाइम) असतं. ज्यांना पित्त सोसवत नाही, त्यांची इथे मोठी पडझड होते.

मग कॅप्सूल घ्यायची कधी? २०११ मध्ये पचनसंस्थेच्या कृत्रिम प्रतिकृतीवर हेच तपासलं गेलं. जेवणासोबत किंवा अर्धा तास आधी दिलेले जिवाणू चांगले टिकले, जेवणानंतर अर्ध्या तासाने दिलेले कमी. किंचित स्निग्धांश असलेलं दूध पाण्यापेक्षा आणि सफरचंदाच्या रसापेक्षा सरस ठरलं. त्याच कॅप्सूलमधल्या सॅकरोमायसिस बुलार्डी या यीस्टला मात्र कशानेच फरक पडला नाही. बीजाणू, म्हणजे टणक कवचातलं सुप्त रूप, बनवणारा बॅसिलस कोॲग्युलन्सही असाच चिवट. त्यामुळे डबीवर आकड्याआधी जिवाणूचं पूर्ण नाव वाचा. दुधाची सोबत हवी की पाणी चालेल, ते त्यावर अवलंबून आहे.