कातक्लिझ्मोस

सायप्रसमधील ग्रीक भाषकांचा उन्हाळी जलोत्सव. ग्रीकमध्ये ‘कातक्लिझ्मोस’ म्हणजे जलप्रलय. ऑर्थोडॉक्स ईस्टरपासून ५०व्या दिवशी पेंटेकॉस्टचा रविवार येतो. तो आणि लगतचा सोमवार हे उत्सवाचे मुख्य दिवस असले, तरी जत्रा पुढेमागे आणखी काही दिवस चालते. ईस्टर सरकेल तसा हा सणही मेअखेर ते जूनअखेर सरकतो. २०२४ मध्ये त्याचा सोमवार २४ जूनला, म्हणजे नेमका गोव्यातल्या सांजांवच्या दिवशी आला. गोव्यात तेव्हा पावसाने भरलेल्या विहिरींत उड्या पडतात. सायप्रसचे आकाश मात्र त्या सुमारास कोरडे असते, म्हणून लोक समुद्राकडे धावतात.

सणाचा संबंध बायबलमधील नोहाच्या प्रलयाशी जोडतात. ग्रीक पुराणातही ड्युकॅलियन आणि पिऱ्हा हे दांपत्य पेटीत बसून प्रलयातून वाचते. याहून लोकप्रिय समजूत अशी, की समुद्रातून जन्मलेल्या ॲफ्रोडाइटी या ग्रीक प्रेमदेवतेच्या उपासनेतले स्नानविधीच या रूपात टिकले. पाफोसजवळ तिचे प्राचीन मंदिर होते, त्यामुळे समजूत पटण्याजोगी आहे; मात्र तो तर्कच समजावा.

सर्वांत मोठी जत्रा लार्नाकाची. हे प्राचीन किटिऑन, स्टोइक तत्त्वज्ञ झेनोचे गाव. फिनिकूदेस या खजुरीच्या झाडांच्या किनारी रस्त्यावर दुकाने लागतात, होड्यांच्या आणि पोहण्याच्या शर्यती होतात. बिशप समुद्रात क्रूस सोडतात. एकमेकांना भिजवणे तर चालूच असते.

पण जाणकार गर्दी करतात ती ‘चात्तिस्ता’ ऐकायला. दोन शीघ्रकवी समोरासमोर उभे राहतात, साथीला व्हायोलिन आणि लाउतो हे तंतुवाद्य. एकाने सायप्रसच्या बोलीत १५ अक्षरी ओळींचे यमकबद्ध द्विपद फेकायचे, दुसऱ्याने त्यावर तिथल्या तिथे कडी करायची. टोमणे चालतात, अडखळणे चालत नाही. आपल्याकडच्या कलगीतुऱ्याच्या सवाल-जवाबांची आठवण व्हावी असा हा सामना. युनेस्कोने २०११ मध्ये त्याला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले.

जत्रेतला खाऊ तळणीचा: आंबवलेल्या पिठाचे, पाकात घोळलेले ‘लुकुमादेस’ आणि रव्याचे गोड सारण भरलेली, वरून पिठीसाखर भुरभुरलेली ‘शामिशी’. ही दुसरी आपल्या सांज्याच्या पोळीची तळलेली मावसबहीणच. कढईतून काढल्याबरोबर खावी, गार झाली की चिवट होते.