सवलत वेगळी, बदललेला धडा वेगळा

बौद्धिक अक्षमता असलेलं मूल वर्गात आलं की शाळेत पहिला प्रश्न निघतो, जादा वेळ द्यायचा की लेखनिक? 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 17मध्ये दोन्ही आहेत. अभ्यासक्रमात आणि परीक्षेत योग्य बदल करावेत, असंही तिथेच म्हटलंय. शाळेत मात्र या सगळ्याला ‘सवलत’च म्हणतात, आणि मुलाचं नुकसान तिथूनच सुरू होतं.

सवलतीत शिकायचं तेच राहतं, फक्त वाट बदलते. वाचन अक्षमता असलेल्या मुलीला प्रश्न वाचून दाखवला की ती सगळ्यांचंच गणित सोडवते. बदललेल्या धड्यात काय शिकायचं हेच बदलतं. विषय मात्र वर्गाचाच असतो.

समजा, चौथीत 50 वजा 32 चाललंय आणि एका मुलाला दहापर्यंतच नीट मोजता येतं. त्याला अर्धा तास जादा दिलात, तर तो तेच पान अर्धा तास जास्त बघत बसेल. लेखनिकाने उत्तर काढलं, तर ते लेखनिकाचं. त्यापेक्षा वर्गात दुकान मांडा. बाकीची मुलं किती पैसे परत द्यायचे ते काढतील. हा दहाची नोट आणि दोनचं नाणं जोडून 12 रुपये देईल. पैसे खरे घ्या. खेळातल्या नोटांवर शिकलेलं मूल खऱ्या दुकानात अडू शकतं.

मदत करताना घाई नको. दहा सेकंद थांबा, मग खूण करा, मग करून दाखवा. हात धरणं अगदी शेवटी. बहुतेकदा आपण आधी हातच धरतो आणि मूल त्याचीच वाट बघायला शिकतं. तीन वेगवेगळ्या दिवशी, पाचपैकी चार वेळा आपलं आपण जमलं, की पुढची पायरी.

मागच्या बाकावर चित्र रंगवायला देणं हा बदल नव्हे. ते मुलाला धड्यातून काढून टाकणं झालं. उलट चूकही होते: जिला फक्त प्रश्न वाचून दाखवायला हवा होता, त्या मुलीचा धडाच कापला जातो.

बदल वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात, म्हणजे त्या एका मुलाने काय आणि कसं शिकायचं याच्या लेखी योजनेत, लिहून ठेवा. एका वेळी दोन-तीनच उद्दिष्टं घ्या आणि प्रश्नपत्रिका त्यांवरच काढा. नाहीतर सहामाहीला त्याच्यापुढे पुन्हा 50 वजा 32च येतं. पालकांनाही कळवा, त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानातून 12 रुपयांचं काहीतरी त्याच्याच हातून आणवा.